मलमल ते टी-शर्ट: बांगलादेशच्या कपड्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांगलादेशच्या कपड्यांबद्दल विचारणारे लोक साधारण दोन गटांत पडतात. काहींना जामदानी आणि मलमल हवी असते, काहींना राना प्लाझा (२०१३ मध्ये कोसळलेली कपड्यांच्या कारखान्यांची इमारत) आणि किमान वेतन. इथे दोन्ही प्रश्न मुद्दाम एकाच पानावर ठेवले आहेत. तिथल्या विणकराच्या किंवा शिलाई कामगाराच्या हातात कसब आहे का, याबद्दल कुणालाच कधी शंका नव्हती. त्या कसबाचा भाव कोण ठरवतो, हे भांडण मात्र अडीचशे वर्षांपासून चालू आहे.

बांगलादेशचा राष्ट्रीय पोशाख कोणता?

कायद्याने ठरवलेला असा कुठलाच नाही. तिथल्या राज्यघटनेत राष्ट्रगीत, ध्वज आणि राष्ट्रचिन्ह यांचा उल्लेख आहे, पोशाखाचा नाही. रूढीने मात्र बाईची साडी आणि पुरुषाचा पंजाबी-पायजमा यांना तो मान आहे. आपण ज्याला कुर्ता म्हणतो त्याला बंगालीत ‘पंजाबी’ म्हणतात, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतो.

रोजच्या वापरात चित्र वेगळं दिसतं. शहरातल्या तरुण मुली आणि कारखान्यात जाणाऱ्या बायका बहुतेक सलवार-कमीज घालतात. दुकानात त्याचं नाव ‘थ्री-पीस’. साडी आता सणावाराला, शाळेतल्या बाईंच्या अंगावर, थोरल्या बायकांकडे आणि लग्नात दिसते. पुरुष कामावर जाताना पँट-शर्ट घालतो आणि घरी आला की लुंगी.

लुंगीला कमी लेखू नका. शेतकरी, नावाडी, रिक्षावाला सगळे तीच नेसतात, आणि मौलाना भासानींसारखा मोठा राजकीय नेता आयुष्यभर लुंगीतच वावरला. २०१३ साली ढाक्याच्या बारीधारा या श्रीमंत वस्तीत लुंगीवाल्या रिक्षाचालकांना बंदी करण्यात आली, तेव्हा तरुण मुलं लुंग्या नेसून मोर्चाने तिकडे निघाली. माझ्या मते राष्ट्रीय पोशाखाचा खरा निवाडा अशा वेळी होतो.

सणांना रंग ठरलेले असतात का?

हो, आणि लोक ते मनापासून पाळतात. पहेला बैशाख म्हणजे बंगाली नववर्ष १४ एप्रिलला येतं. त्या दिवशी पांढरी साडी आणि लाल काठ. फाल्गुनाच्या पहिल्या दिवशी वासंती पिवळा. २१ फेब्रुवारीच्या भाषा-शहीद दिनी काळा-पांढरा, आणि १६ डिसेंबरच्या विजयदिनी ध्वजाचे लाल-हिरवे रंग.

या रंगांवर तिथल्या देशी बुटिकांचं वर्षाचं गणित चालतं. ईद हा सगळ्यात मोठा हंगाम खराच, पण तो मुसलमानांचा सण. बैशाख सगळ्यांचा. लाल काठाची पांढरी साडी हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती अशा सगळ्या घरांत निघते.

देशभर सगळे साडी-लुंगीच वापरतात का?

नाही. चितगावच्या डोंगराळ भागात चाकमा स्त्रिया ‘पिनोन’ आणि ‘हादी’ वापरतात. पिनोन कमरेला गुंडाळायचं वस्त्र, हादी छातीवरचं. दोन्ही त्या स्वतः कंबरमागावर विणतात. या मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं असतं आणि दुसरं विणणारीच्या कमरेला. ताण कमी-जास्त करायचा तर ती स्वतः पुढे-मागे सरकते. नक्षीचे सगळे नमुने एकाच कापडावर विणून ठेवतात, त्याला ‘आलाम’ म्हणतात. आईच्या आलामवर बघून मुलगी शिकते. मारमा बायकांची थामी, गारो बायकांचं दकमांदा आणि सिल्हेटकडच्या मणिपुरी बायकांचं फानेक यांचंही विणकाम वेगवेगळं आहे.

रांगामाटीच्या बौद्ध विहारात दरवर्षी ‘कठिन चीवरदान’ होतं. कापसापासून सूत काढायचं, रंगवायचं, विणायचं आणि शिवायचं. भिक्खूंना द्यायचं चीवर म्हणजे वस्त्र या सगळ्यांतून चोवीस तासांच्या आत तयार व्हावं लागतं. रात्रभर बायका मागावर बसलेल्या असतात. बांगलादेशच्या वस्त्रपरंपरेवरच्या चर्चेत या रात्रीचं नाव फार क्वचित निघतं, याची मला खंत वाटते.

ढाक्याची मलमल एवढी तलम कशामुळे होती?

तीन गोष्टी एका जागी जुळून आल्या होत्या.

पहिली गोष्ट कापूस. मेघना आणि शीतलक्षा या नद्यांच्या काठच्या गाळाच्या पट्ट्यात ‘फुटी कार्पास’ नावाची जात पिकायची. तिचा तंतू आखूड होता, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने कुचकामी. पण हाताने कातला की तो अतिशय बारीक आणि तरीही टिकाऊ निघायचा.

दुसरी गोष्ट हवा. हा धागा कोरड्या हवेत तुटतो. म्हणून कताई पहाटे किंवा संध्याकाळी, दमट वेळ बघून, बऱ्याचदा पाण्याच्या जवळ बसून व्हायची. कापूस विंचरायला बोआल माशाच्या जबड्याचं हाड घ्यायचे, कारण त्याचे बारीक, दाट दात नाजूक तंतूला न तोडता कचरा काढत.

तिसरी गोष्ट म्हणजे कातणारी. हे काम बायकांचं होतं, त्यातही तरुण मुलींचं, कारण एवढा बारीक धागा दिसायला नजर आणि बोटांची संवेदना दोन्ही तेज लागतात. मलमलीच्या कौतुकात बादशहांची नावं येतात, विणकरांची कधीकधी येतात, पण टकळीवर बसलेल्या या मुलींपैकी एकीचंही नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

मलमलीच्या प्रकारांची नावं मात्र उरली. ‘आब-ए-रवाँ’ म्हणजे वाहतं पाणी, ‘शबनम’ म्हणजे दव, आणि राजघराण्यासाठी ‘मलमल खास’.

इंग्रजांनी विणकरांचे अंगठे कापले, हे खरं का?

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. १७७२ साली ईस्ट इंडिया कंपनीचाच एक माजी नोकर विल्यम बोल्ट्स याने जे लिहून ठेवलं ते थोडं वेगळं आहे, आणि मला ते जास्त अंगावर येतं. त्याच्या म्हणण्यानुसार कच्चं रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांनी स्वतःचेच अंगठे कापून घेतले, म्हणजे कंपनी आपल्याला त्या कामाला जुंपू शकणार नाही.

हे समजायला ‘दादन’ समजावं लागतं. दादन म्हणजे आगाऊ रक्कम. ती एकदा घेतली की विणकर बांधला जायचा. माल कंपनीच्या गुमास्त्यालाच द्यायचा, भाव गुमास्ता सांगेल तो. दुसऱ्याला विकला तर दंड, मारहाण, घरावर पहारा. पुढे मँचेस्टरचं यंत्रावरचं सूत आणि कापड आलं, इंग्लंडने हिंदुस्थानी कापडावर जबर जकात लावली, दिल्ली-लखनौचे दरबार ओस पडले आणि मलमलीचं गिऱ्हाईकच संपलं. फुटी कार्पास लावायला कारण उरलं नाही, आणि ती जातही शेतांतून नाहीशी झाली.

मग आता मिळते ती मलमल कुठली?

गेल्या दशकात दोन गंभीर प्रयत्न झाले. ढाक्याच्या ‘दृक’ या संस्थेने जुन्या जातीच्या जवळचा कापूस शोधून, दुसऱ्या कापसात मिसळून ३०० काउंटच्या (काउंट जितका जास्त, सूत तितकं बारीक) सुतापर्यंत मजल मारली आणि २०१६ मध्ये ढाक्यात मलमलीचा उत्सव भरवला. त्यानंतर सरकारच्या हातमाग मंडळाने शास्त्रज्ञांना कामाला लावलं. गाझीपूर जिल्ह्यातल्या कापासिया भागात सापडलेल्या झाडाची जनुकीय जुळणी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या जुन्या मलमलीशी करून पाहिली गेली. कापासिया हे नावच कापसावरून आलेलं आहे. पाचशेच्या पुढच्या काउंटचं सूत निघालं, साड्या विणल्या गेल्या आणि २०२० च्या शेवटी ढाकाई मलमलीला भौगोलिक मानांकन मिळालं.

सगळ्यात अवघड काय गेलं असेल? झाड सापडलं, पण कातणारी बोटं सापडेनात. जाड खादी कातणाऱ्या बायकांना नव्याने शिकवावं लागलं. झाडाचं बी शे-दोनशे वर्षं कुठेतरी तग धरतं. हातातलं कसब दोन पिढ्यांत जातं.

जामदानी म्हणजे नेमकं काय?

नक्षीदार मलमल. साधी मलमल गेली, नक्षीची शाखा टिकली, असं म्हटलं तरी चालेल. नारायणगंज जिल्ह्यात रूपगंज, सोनारगाव या भागात, शीतलक्षेच्या काठाने ती विणली जाते. २०१३ मध्ये जामदानी विणण्याची पारंपरिक कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, आणि २०१६ मध्ये बांगलादेशात सर्वांत पहिलं भौगोलिक मानांकन जामदानीलाच मिळालं.

माग खड्ड्यातला. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, उजवीकडे उस्ताद आणि डावीकडे शागीर्द, जो बऱ्याचदा कोवळा मुलगा असतो. ताण्यातून म्हणजे उभ्या धाग्यांतून बाण्याचा म्हणजे आडव्या धाग्याचा धोटा एकदा गेला की नक्षीची पाळी. ‘कांडूल’ नावाच्या टोकदार काडीने नक्षीचा जाडसर धागा ताण्याच्या ठरावीक तारांखालून काढायचा. प्रत्येक फुलासाठी वेगळा धागा. मग पुन्हा धोटा. असं ओळीमागून ओळ, बोटभर कापड व्हायला कित्येक तास.

समोर आराखडा नसतो. कागद नाही, खुणा नाहीत. कुठल्या तारेवर किती मोजायचं हे उस्ताद तोंडाने बोलत जातो. त्या बोलण्याला ‘बुली’ म्हणतात, आणि शागीर्द ती ऐकत हात चालवतो. नक्षीकाम पाठांतराने पुढच्या पिढीकडे जातं. नक्षींची नावं घरातली आणि अंगणातली आहेत: कारल्याची, अंगठीची, मोराची. सबंध अंगावर विखुरलेली बुट्टी असेल तर ‘बुटीदार’, तिरक्या ओळी असतील तर ‘तेरछा’, जाळीसारखी असेल तर ‘जालार’. हजार पाचूंच्या नावाची ‘पान्ना हजार’ सर्वांत मानाची.

सुताला खळ देतात ती लाह्यांची. यंत्रमागवाल्यांच्या रासायनिक खळीने जामदानीला तो खुळखुळीत हलकेपणा येत नाही, असं विणकर सांगतात.

आणि भाव? पूर्वी जामदानीचा हाट डेमरा इथे शुक्रवारी पहाटे अंधारात भरायचा. विणकर साडी हातात उलगडून उभा राहायचा, आणि उजाडायच्या आत सगळं संपायचं. सूत महाजनाकडून उधार आणलेलं असेल तर भाव त्याचाच. ढाक्याच्या वातानुकूलित दुकानात त्याच साडीला जी किंमत पडते, तिच्याशी विणकराचा संबंध उरत नाही.

पैठणीपेक्षा ही कशी वेगळी?

पैठणीच्या काठा-पदरात रंगीत धागा हाच बाणा असतो. नक्षी काढून घेतली तर तिथे कापडच उरणार नाही. जामदानीत मूळ तलम बाणा आपला चालूच असतो आणि नक्षीचा धागा त्याच्या जोडीला जादा घातलेला असतो. म्हणून पैठणीचा पदर भरगच्च लागतो, आणि जामदानीची फुलं हवेत तरंगल्यासारखी दिसतात.

टांगाईल साडी भारताची की बांगलादेशची?

टांगाईल हा बांगलादेशातला जिल्हा आहे, एवढं तर नकाशाच सांगतो. पाथराईल आणि आजूबाजूच्या गावांतले बसाक विणकर ही साडी विणत आले. फाळणीनंतर त्यांच्यातली पुष्कळ कुटुंबं पश्चिम बंगालमध्ये नादिया जिल्ह्यातल्या फुलिया, शांतिपूरला गेली आणि तिथेही माग लागले. जानेवारी २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या नावाने भारतात मानांकन नोंदलं गेलं, तेव्हा ढाक्यात संतापाची लाट उसळली आणि फेब्रुवारीत बांगलादेशने घाईघाईने आपली नोंद केली.

मला यात दोन्ही बाजूंचे विणकर खरे वाटतात. माणूस घर सोडून गेला तरी त्याचे हात त्याच्याबरोबर जातात. पण साडीला ज्या गावाचं नाव, ते आपल्याकडे असून नोंद करायला आपणच एवढा उशीर केला, ही बोच तिथल्या लोकांना लागली ती रास्तच होती.

तिथे कापूस जेमतेम पिकतो. मग कपड्यांचा एवढा प्रचंड धंदा उभा कसा राहिला?

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण याचं उत्तर ‘स्वस्त मजुरी’ या दोन शब्दांत संपवलं जातं आणि ते अपुरं आहे.

१९७४ पासून जगात कपड्यांच्या निर्यातीवर कोटे होते. श्रीमंत देश प्रत्येक देशाकडून किती शर्ट घ्यायचे ते ठरवायचे. दक्षिण कोरियाचा कोटा भरत आला, तेव्हा तिथल्या देवू कंपनीला असा देश हवा होता ज्याचा कोटा रिकामा पडलाय. बांगलादेशात तेव्हा निर्यातीचा कपडा जवळजवळ शिवलाच जात नव्हता. १९७८ मध्ये रियाझ गारमेंट्सने १०,००० शर्ट पॅरिसला पाठवले, ती सुरुवात धरतात.

नुरुल कादेर हे मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले माजी सनदी अधिकारी. त्यांनी ‘देश गारमेंट्स’ काढली आणि देवूशी करार केला. १९७९ मध्ये १३० जण कोरियात बुसानच्या कारखान्यात सहा महिने शिकायला गेले. शिवण, मशीनची देखभाल, मालाची तपासणी, खरेदी, हिशेब असं सगळं ते शिकून आले. १९८० मध्ये चितगावला उत्पादन सुरू झालं. १९८७ पर्यंत या १३० पैकी ११५ जण देश गारमेंट्स सोडून गेले होते. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. एका कंपनीचं नुकसान झालं आणि देशाला एक धंदा मिळाला.

दोन सरकारी सोयी नसत्या तर हे झालं नसतं. एक म्हणजे बाँडेड गोदाम. परदेशातून आणलेल्या कापडावर जकात भरायची नाही, ते गोदामात ठेवायचं, शिवायचं आणि निर्यात करायचं. दुसरी ‘बॅक-टू-बॅक एलसी’. एलसी म्हणजे पतपत्र, पैसे देण्याची बँकेची हमी. परदेशी गिऱ्हाइकाचं पतपत्र बँकेत ठेवलं की त्याच्या आधारावर बँक कापड पुरवणाऱ्याच्या नावे दुसरं पतपत्र काढून देते. माल गेला, पैसे आले, की त्यातून कापडवाल्याचे पैसे भागवायचे. म्हणजे भांडवल जवळ नसलेला माणूसही कारखाना चालवू शकतो.

२००५ च्या सुरुवातीला कोटे संपले. चीन आता बांगलादेशला गिळणार असं सगळे म्हणत होते. झालं उलट. युरोपने २००१ पासून अतिगरीब देशांना जकातमाफी दिलेली होती, चीनमधली मजुरी वाढत गेली, आणि बांगलादेश वाढतच राहिला. आज तयार कपड्यांची निर्यात वर्षाला सुमारे ३९ अब्ज डॉलर आहे, देशाच्या एकूण निर्यातीच्या पाचातले चार भाग. कामगार जवळपास ४० लाख.

तिथे नेमकं काय शिवलं जातं?

मुख्यतः पँटी, टी-शर्ट, स्वेटर, शर्ट आणि जाकिटं. डेनिमच्या जीन्समध्ये बांगलादेश युरोप-अमेरिकेचा आघाडीचा पुरवठादार आहे. विणलेल्या होजिअरीचं म्हणजे निटचं केंद्र नारायणगंज, बाकी गाझीपूर, आशुलिया, सावार आणि चितगाव. निटचं बरंचसं सूत आणि कापड देशातच तयार होतं. शर्ट-पँटीचं कापड मात्र मोठ्या प्रमाणात चीनमधून येतं. रुई जवळपास सगळी बाहेरची.

एका टी-शर्टमागे शिवणाऱ्या बाईला किती मिळतात?

भाव नगावर ठरत नाही, डझनावर ठरतो. कारखान्याची भाषा ‘सीएम’ची आहे, म्हणजे कापून शिवून देण्याची मजुरी. कापड, बटणं, लेबल यांचा खर्च वजा जाता जे उरतं ते सीएम. त्यातून पगार, वीज, भाडं, व्याज आणि नफा काढायचा. साध्या टी-शर्टला कारखान्याच्या हाती सगळं मिळून दोन-तीन डॉलरच्या घरात पडतात, आणि युरोपातल्या दुकानात तो त्याच्या कितीतरी पट किमतीला लागतो.

बायरचा म्हणजे माल घेणाऱ्या ब्रँडचा माणूस समोर बसून दर डझनामागे काही सेंट कमी करायला सांगतो, कारण शेजारचा कारखाना तेवढ्यात द्यायला तयार आहे. मालक ते मान्य करतो आणि ते सेंट लाइनवरच्या तासाच्या टार्गेटमधून वसूल होतात. तासाला शंभर कॉलर लावायच्या होत्या तिथे एकशेदहा लावायच्या. पाणी प्यायला उठायचं नाही. या साखळीत वाईट माणूस शोधायची गरज पडत नाही, ती आपोआप खालच्या टोकाला ताणली जाते.

कोविडमध्ये हे सगळ्यांना उघड दिसलं. मार्च २०२० मध्ये बड्या ब्रँडांनी तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवल्या. त्यात शिवून तयार झालेला मालही होता. कापडाचे पैसे कारखान्याने एलसीवर आधीच अडकवलेले, त्यामुळे जोखीम सगळी त्याच्याकडे आणि त्याच्यामार्फत कामगारांकडे. पुढे जगभरातून दबाव आल्यावर बऱ्याच ब्रँडांनी पैसे दिले.

किमान वेतन किती आहे?

१ डिसेंबर २०२३ पासून महिना १२,५०० टाका (टाका हे तिथलं चलन). त्याआधी २०१८ मध्ये ८,०००, २०१३ मध्ये ५,३०० आणि २०१० मध्ये ३,००० टाका होतं. २०२३ मध्ये संघटनांची मागणी २३,००० ची होती. गाझीपूर आणि आशुलियात आंदोलन पेटलं आणि त्यात चार कामगारांचा जीव गेला. वेतन तेव्हा दर पाच वर्षांनी ठरायचं आणि महागाई रोज ठरते. म्हणून ओव्हरटाइम ही तिथे सवलत नाही, घरभाडं त्यातूनच जातं.

राना प्लाझामध्ये काय घडलं होतं?

२४ एप्रिल २०१३, सकाळी नऊच्या सुमारास. ढाक्याजवळ सावारला आठ मजली इमारत. खाली दुकानं आणि बँक, वर पाच गारमेंट कारखाने. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले आणि त्यांवर अवजड जनरेटर.

आदल्या दिवशी भिंतींना आणि खांबांना तडे दिसले. इमारत रिकामी केली गेली. दुसऱ्या दिवशी बँक आणि दुकानं बंद राहिली. कारखान्यांनी मात्र कामगारांना परत बोलावलं. आत जायला घाबरणाऱ्यांना महिन्याचा पगार कापायची धमकी मिळाली. शिपमेंटची तारीख जवळ आली होती. वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि इमारत खाली बसली. १,१३४ माणसं मेली, सुमारे २,५०० जखमी झाली. त्यांतल्या बहुसंख्य तरुण बायका होत्या.

अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, २४ नोव्हेंबर २०१२ ला, आशुलियातल्या ताझरीन कारखान्याच्या आगीत ११२ जण गेले होते, बाहेर पडायच्या वाटा बंद असल्यामुळे. २००५ मध्ये सावारलाच स्पेक्ट्रम नावाचा कारखाना कोसळून ६४ जण मेले होते. इशारे मिळालेले होते. राना प्लाझाला ‘दुर्घटना’ म्हणायला म्हणूनच माझी जीभ वळत नाही. ज्या बँकेने तडे पाहून माणसं घरी पाठवली तिला जे दिसलं, ते वरच्या मजल्यांवरही दिसत होतंच.

मृतांच्या वारसांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या देखरेखीखाली ३ कोटी डॉलरचा निधी ठरला. तो पुरता भरायला २०१५ चा जून उजाडला.

त्यानंतर काही सुधारलं का?

इमारतींच्या बाबतीत हो, आणि खूप. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात ‘अ‍ॅकॉर्ड’ नावाचा करार झाला. याआधीच्या आचारसंहिता ऐच्छिक असत. हा करार कायद्याने बांधणारा होता आणि ब्रँडने शब्द मोडला तर त्याला लवादापुढे खेचता येत होतं. दोनशेहून अधिक ब्रँडांनी सही केली. १,६०० हून अधिक कारखाने तपासले गेले, अग्निरोधक दारं बसली, खांब बळकट झाले, कुलपं निघाली, आणि तपासणीचे अहवाल सगळ्यांसाठी खुले झाले. २०२० पासून ते काम ‘आरएमजी सस्टेनेबिलिटी कौन्सिल’कडे आहे (आरएमजी म्हणजे तयार कपडे). आज पर्यावरणपूरक बांधकामाचं ‘लीड’ प्रमाणपत्र मिळालेले दोनशेहून अधिक कपड्यांचे कारखाने बांगलादेशात आहेत, जगात सर्वांत जास्त.

डझनाचा भाव, युनियन करायची मोकळीक आणि बाईमाणसाशी सुपरवायझरची भाषा या गोष्टींवर मात्र त्या करारात फारसं काही नव्हतं.

मग ‘मेड इन बांगलादेश’ घेऊच नये का?

घ्यावं, असं माझं मत आहे. ऑर्डर बंद झाली की पहिली घरी बसते ती लाइनवरची हेल्पर. रंगपूर, बारिशालच्या खेड्यांतून आलेल्या लाखो मुलींच्या हाती या नोकरीमुळे पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले, लग्नाचं वय पुढे ढकललं गेलं, धाकटी भावंडं शाळेत गेली. तिथल्या कामगार संघटनाही बहिष्कार मागत नाहीत. त्या ब्रँडांकडून जादा भाव आणि करारावर सही मागतात. गिऱ्हाईक म्हणून विचारायचं असेल तर तेच विचारावं: तुमचे पुरवठादार कारखाने कोणते, ती यादी जाहीर करता का, आणि अ‍ॅकॉर्डवर तुमची सही आहे का?

हे कपडे बांगलादेशी लोक स्वतः घालतात का?

थोडे. तपासणीत नापास झालेला किंवा ऑर्डर फिरल्यामुळे उरलेला माल ‘स्टॉक लॉट’ म्हणून ढाक्याच्या बाजारांत येतो. बंगबाजार त्यासाठी नावाजलेला होता. ४ एप्रिल २०२३ ला, ऐन ईदच्या तोंडावर, तो जळून खाक झाला आणि हजारो दुकानदारांचा हंगामाचा माल गेला. कारखान्यातल्या कातरणींना ‘झूट’ म्हणतात. त्यांचाही मोठा व्यापार आहे.

देशातल्या गिऱ्हाइकासाठीचे कपडे मुख्यतः वेगळ्या जगात शिवले जातात, बुडीगंगेपलीकडे केरानीगंजच्या छोट्या छोट्या कारखान्यांत. तिथे बायर नाही, ऑडिट नाही, अ‍ॅकॉर्डही नाही. लुंग्या सिराजगंज, पाबना, नरसिंदीच्या यंत्रमागांवर होतात आणि नरसिंदीच्या बाबूरहाटातून देशभर जातात.

तिथले स्वतःचे डिझायनर, स्वतःचे ब्रँड कोणते?

सर्वांत मोठं नाव ‘आरोंग’. बंगालीत या शब्दाचा अर्थ गावची जत्रा. १९७८ मध्ये ‘ब्रॅक’ या संस्थेने खेड्यातल्या कारागीर बायकांचा माल विकायला हे दुकान काढलं. नक्शी कांथा हा जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून केलेला गोधडीचा प्रकार. आरोंगसारख्या दुकानांमुळे तो पलंगावरून साडीवर आणि कुर्त्यावर आला.

व्यक्तींमध्ये बीबी रसेल. लंडनला शिकल्या, युरोपात नामांकित मॉडेल झाल्या आणि १९९४ मध्ये ढाक्याला परतल्या. १९९६ मध्ये युनेस्कोच्या पाठिंब्याने त्यांनी पॅरिसला बांगलादेशी हातमागाच्या कापडाचा शो केला. रिक्षावाल्याच्या खांद्यावरचा गमछा त्यांनी रॅम्पवर आणला. ज्याने आयुष्यभर घाम पुसला त्या चौकडीच्या कापडाचं मोल त्यांना त्यांच्या शहराच्या आधी दिसलं, म्हणून मला त्या मोठ्या वाटतात.

नद्यांचं काय झालं?

वाईट झालं. ढाक्याभोवतीच्या तुराग, बुडीगंगा आणि शीतलक्षा या नद्यांत रंगाईखान्यांचं पाणी जातं. शुद्धीकरण यंत्रणा बसवणं सक्तीचं आहे, ती चालवायला वीज आणि रसायनं लागतात, म्हणून तपासणी नसेल तेव्हा ती बंद ठेवणारेही आहेत. कपडे धुवायला आणि रंगवायला लागणारं पाणी जमिनीतून उपसलं जातं आणि ढाक्याची भूजलपातळी वर्षानुवर्षं खाली चाललीय. ज्या शीतलक्षेच्या दमट हवेत मलमलीचं सूत निघायचं, तिचं पाणी आज उन्हाळ्यात काळं असतं.

२०२६ ची एवढी चर्चा का आहे?

संयुक्त राष्ट्रांनी बांगलादेशला अतिअल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर काढण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली. ही बढती आहे, पण तिच्याबरोबर जकातमाफी टप्प्याटप्प्याने जाते. युरोपने पुढे तीन वर्षांची मुदत दिलेली आहे. त्यानंतर नुसतं शिवून भागणार नाही, कापडही देशात विणलेलं असावं लागेल, अशी अट लागू शकते. शर्ट-पँटवाल्यांना त्याचीच धास्ती आहे.

ढाक्याला गेलो तर खरी जामदानी कशी ओळखायची?

साडी उलटी करून बघा. हाताच्या जामदानीत नक्षीचा धागा मागच्या बाजूलाही नीट वळवलेला असतो, उलट-सुलट ओळखणं कठीण जातं. यंत्रावरच्या साडीत मागे कापलेल्या धाग्यांची टोकं सुटी दिसतात आणि ओढली तर निघून येतात.

दुसरी खूण काठाची. कमरेला खोचला जातो त्या सुरुवातीच्या भागात हाताची जामदानी विणणारे बहुधा काठ घालत नाहीत, कारण तो दिसणार नसतो आणि त्यावर दिवस घालवणं परवडत नाही. यंत्राला श्रम वाचवायचे नसतात, त्यामुळे त्याचा काठ पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत सारखा जातो.

तिसरी, स्पर्श. नायलॉनचं सूत घसरतं आणि चमकतं. सुती जामदानी हातात खळीमुळे किंचित कडक लागते.

जमलं तर दुकानात न जाता रूपगंजच्या नोआपाडा इथल्या जामदानी वसाहतीत जा. मागावरची साडी बघा, विणायला किती दिवस लागले ते विचारा, आणि विणकर सांगेल त्या आकड्यावर घासाघीस करू नका.